रोहण्यात कोसळलेले नऊ पंखी विमान

मित्रांनो, मला नऊ पंख होते. आज त्यांतले सहाच धड आहेत. मागचे तीन मोडले आहेत आणि त्यांचे कापड चिंध्या होऊन लोंबते आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत मला पाहून तुम्ही थबकता, बोट दाखवता, कोणी हसतेही. हसा. पण माझी हकिकत ऐकून मग जा.

मी माणसे नेणारे विमान नव्हे. मी एका अवाढव्य विमानाची लहान प्रतिकृती आहे. लहान म्हणजे तरी बारा फूट रुंद. शंभर वर्षांपूर्वी इटलीत एका सरोवराच्या काठी ते मूळ विमान बांधले गेले. तीनावर तीन असे पंखांचे तीन मजले, आठ इंजिने आणि पोटात शंभर उतारूंची सोय. त्याने महासागर ओलांडावा असे ठरले होते. दुसऱ्याच उड्डाणात ते पाण्यात पडले.

वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघे येथे मोतीलालजींचे प्लायवूडचे दुकान आहे. त्यांच्या लहानपणी त्याच जागी वडिलांचे किराणा दुकान होते. पुड्या बांधायच्या रद्दीत दहा वर्षांच्या मोतीलालला एका इंग्रजी मासिकाचे पान सापडले आणि त्यावर त्या नऊ पंखी विमानाचे चित्र होते. त्या पानात जिरे बांधायला त्याने साफ नकार दिला. वडिलांची थप्पड खाल्ली, पण पान सदऱ्यात लपवले. पुढे अशा चित्रांची जाडजूड फाईल झाली. बारा इंजिनांची उडती नाव, पहिल्याच धावेत नाकावर उलटलेले आणि दोन वैमानिकांचा जीव घेणारे इंग्रजांचे सहा इंजिनी धूड, अशी सगळी राक्षसी विमाने तिच्यात होती.

"लोक दरवाजा घ्याले येतात अन् इमानाच्या गोष्टी ऐकून जातात," असे त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई हसत म्हणत. त्यांचे हसणे खोटे नसे. नवऱ्याचा हा एकच शौक होता आणि तो निरुपद्रवी आहे असे त्यांना वाटे.

दुकानात दरवाज्याची फळी घ्यायला आलेले एक गिऱ्हाईक मात्र ऐकून गेले नाही, थांबले. ते आर्वी तालुक्यातल्या रोहण्याचे शेतकरी नत्थूजी. फाईलमधले चित्र त्यांनी डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिले आणि विचारले, "हे बांबूचं होईन का?"

त्या प्रश्नातून माझा जन्म झाला. नत्थूजींच्या बोटांत विलक्षण कसब होते. बांबू चिरून ते अशा पातळ कमच्या, म्हणजे पट्ट्या, काढत की त्यांतून उजेड दिसे. मोतीलालजी कागदावर मापे काढत, नत्थूजी ती बांबूत उतरवत. दर रविवारी ते रोहण्याहून बसने येत आणि दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोघे दिवसभर माझ्यावर वाकलेले असत. माझ्या पोटाची फासळीन् फासळी, पंखांचा प्रत्येक सांधा नत्थूजींनी दोऱ्याने आवळून बांधला. कापड ताणून त्यावर वार्निश दिले. आठ छोट्या मोटारी आणि त्यांचे पंखे बसवले. पाण्यावर उतरणारे विमान शेतातून उडवायचे म्हणून मला चाके दिली. या सगळ्याला तीन वर्षे लागली. त्या शेडमध्ये मी जेवढे हसणे ऐकले, तेवढे पुन्हा कधी ऐकले नाही.

गेल्या वर्षी जानेवारीत नत्थूजींच्या पडीत वावरात मी पहिल्यांदा उडाले. मोतीलालजींच्या हातात रिमोट होता. मी धडधडत धावले, चाके सुटली आणि पुरुषभर उंचीवरून शंभर पावले जाऊन मी पुन्हा मातीला टेकले. उड्डाण एवढेसेच होते. पण दोन्ही म्हातारे एकमेकांना मिठी मारून नाचले. कोणीतरी काढलेली चित्रफीत मोबाइलवरून जिल्हाभर फिरली. लोक दुकानात येऊन मोतीलालजींचे फोटो काढू लागले. मग "पुन्हा कधी उडवता?" हा प्रश्न सुरू झाला आणि तो त्यांना गोड वाटू लागला.

मित्रांनो, त्या गोडीत ते बदलले. "नुसतं उडलं त काय झालं? ते विमान शंभर लोक घेऊन उडू शकत होतं, हे मले दाखवायचं आहे," असे ते म्हणू लागले. उतारूंच्या जागी त्यांनी पाच किलो वाळूची पिशवी ठेवायचे ठरवले. मूळ विमान पडले तेव्हा त्याच्या पोटातही उतारूंऐवजी वजनच होते, आणि ते सरकल्यामुळे तोल गेला असे काही जाणकार मानतात. हे त्यांना ठाऊक होते. त्यांच्या फाईलमध्येच ते लिहिलेले होते.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी रोहण्याच्या वावरात चारशे माणसे जमली. सकाळचे दहा वाजून गेले होते आणि वारा वाढू लागला होता. नत्थूजींनी माझ्या पोटात हात घालून पिशवी हलवून पाहिली.

"मोतीलालजी, हे बांधून घ्या. वर गेल्यावर मांगं घसरन."

"नाई घसरत. फळीले टेकवून ठेवली आहे."

"दोन मिनिटं लागतीन. मी सुतळी आणतो घरून."

"नत्थूजी, लोकं कवापासून उभे आहेत. वारा वाढून राह्यला. तुम्ही त्या टोकाले जा, लोकायले मांगं ठेवा."

 नत्थूजी वावराच्या दुसऱ्या टोकाला गेले.

मी धावले. वजनामुळे उशिरा सुटले, पण सुटले. लोकांनी आरोळी ठोकली. मी झाडाच्या शेंड्याएवढी उंची गाठली आणि माझे नाक वर झाले. त्याच वेळी पोटात काहीतरी सरकले. पिशवी घसरत शेपटीकडे गेली. नाक आणखी वर गेले, मी हवेत जागच्या जागी लटकल्यासारखे झाले आणि मग मागच्या मागे खाली येऊ लागले. खाली धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, गवताचे भारे घेतलेल्या दोन बाया चालल्या होत्या. भाऱ्यांमुळे त्यांना वर दिसत नव्हते. नत्थूजी ओरडत धावले. त्यांनी दोघींना ढकलून दिले आणि तोंडावर उजवा हात आडवा धरला.

माझ्या मोटारी बंद झाल्या नव्हत्या. ज्या हातांनी मला बांधले, त्यांतल्या उजव्यावर माझी पाती चालली.

त्यांना गाडीत घालून वर्ध्याच्या दवाखान्यात नेले. चार बोटे गेली आणि उजवा डोळाही गेला. मोतीलालजी त्यांच्यासोबत गेले होते. पण दुपारी, पोलीस पंचनाम्याला यायच्या आधी, ते एकटेच वावरात परतले. मोडक्या पोटातून त्यांनी पिशवी काढली, वाळू शेजारच्या नांगरटीत ओतली आणि रिकामी पिशवी घडी करून खिशात ठेवली.  हे माझ्याशिवाय कोणी पाहिले नाही.

पोलिसांना त्यांनी सांगितले, "अचानक वाऱ्याचा झोत आला."

चार दिवसांनी दवाखान्यात नत्थूजींचाही जबाब झाला. तेही म्हणाले, "वाराच होता, साहेब."

मी तीन महिने पोलीस ठाण्याच्या आवारात एका अपघातग्रस्त ट्रकशेजारी पडून होते. उन्हाने वार्निश तडकले. माझ्या पोटात कुत्रीने पिल्ले घातली. मे महिन्यात मला पुन्हा शेडमध्ये आणले गेले. मोतीलालजी माझ्याकडे बघत नसत. ते जेवणावरून उठून जात, गिऱ्हाइकाला भलतेच माप देत. एका दुपारी सुलोचनाबाई शेडमध्ये आल्या. त्यांच्या हातात ती घडी केलेली पिशवी होती. धुवायला काढलेल्या कोटाच्या खिशात सापडलेली.

"हे बांधली होती का?" त्यांनी विचारले.

मोतीलालजी फळ्या नीट रचू लागले.

"मी काय विचारून राह्यली? बांधली होती का?"

"नाई," ते म्हणाले आणि खाली बसले. "त्यायनं सांगतलं होतं. दोन मिनिटं मागतले होते त्यायनं."

सुलोचनाबाईंनी त्यांचे डोळे पुसले नाहीत की त्यांना उठवलेही नाही. "चपला घाला," एवढेच म्हणाल्या. दोघे त्याच दुपारी रोहण्याला गेले. तिथे काय झाले ते मोतीलालजींनी परतल्यावर मला सांगितले. मला म्हणजे, माझ्यासमोर बसून स्वतःलाच.

नत्थूजी ओसरीवर बसून डाव्या हाताने भात कालवत होते. मोतीलालजींनी उभ्या उभ्याच सगळे सांगितले. नत्थूजींच्या पत्नी जयवंताबाई दारात होत्या. त्या आधी नवऱ्याकडे वळल्या.

"तुमाले माहीत होतं?"

"हाव," नत्थूजी म्हणाले. "सोबती आहे तो माहा. जेलात गेला असता त माहे बोटं वापस आले असते का?"

"तीन महिन्यांपासून मी वाऱ्याले शिव्या देऊन राह्यली," जयवंताबाई म्हणाल्या. "रोज सकाळी. अन् तुम्ही आयकून घेत होते."

मग त्या मोतीलालजींना म्हणाल्या, "माह्यासमोर रडू नका. जिथं खोटं लिहून देलं, तिथं खरं लिहून द्या. अन् या घरी येऊ नका."

दुसऱ्या दिवशी मोतीलालजींनी ठाण्यात खरा जबाब दिला. गुन्हा नोंदला गेला. तारखा अजून चालू आहेत. पूर्वी फोटो काढायला येणारे आता दुकानासमोरून जाताना तोंड फिरवतात. नत्थूजी रविवारी येत नाहीत. त्यांनी एकदाच निरोप पाठवला. मोतीलालजी मला जाळायला निघाले आहेत असे त्यांच्या कानावर गेले होते. "जाळू नका, तीन वर्षं गेले त्यात," एवढाच तो निरोप होता.

म्हणून मी तुमच्या शाळेत आले. मोतीलालजींनी मला दुरुस्त केले नाही. मुलांसमोर उभे राहून त्यांनी वाळूच्या पिशवीची गोष्ट सांगितली, स्वतःला बाधणारे काहीही न लपवता.  तुमच्यापैकी काहींना ते आठवत असेल.

पण पुढचे तुम्ही पाहिले नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी एक बाई नऊवारी नेसून, कोणाला न विचारता आत आल्या. त्या जयवंताबाई होत्या. नवरा कुठल्या खुळापायी दर रविवारी जातो, हे त्यांनी तीन वर्षांत कधी येऊन पाहिले नव्हते. त्या माझ्याभोवती सावकाश फिरल्या. धड असलेल्या पंखांच्या सांध्यांवरून, दोऱ्याच्या आवळलेल्या वेढ्यांवरून त्यांनी बोट फिरवले. एका गाठीपाशी त्या फार वेळ थांबल्या. मग शाळेने लावलेली पाटी त्यांनी अक्षर अक्षर जुळवत वाचली. तिच्यावर 'निर्मिती : मोतीलालजी' असे होते.

"बाई," त्या विज्ञानाच्या शिक्षिकेला म्हणाल्या, "हे काम माह्या माणसाचं आहे. याच्यावर त्याचं नाव काऊन नाई?"

शिक्षिका ओशाळल्या. लगेच रंग आणि ब्रश घेऊन आल्या. जयवंताबाईंनी त्यांचा हात धरला.

"तुम्ही नका लिहू. ते लिहितीन."

पुढच्या सोमवारी नत्थूजी आले. एका डोळ्याने अंतर नीट कळत नसल्यामुळे ब्रश दोनदा पाटीबाहेर टेकला. डाव्या हाताला लिहिण्याची सवय नव्हती. जयवंताबाई शेजारी रंगाचा डबा धरून उभ्या होत्या. चार अक्षरांच्या आडनावासकट पूर्ण नाव लिहायला त्यांना पाऊण तास लागला. मोतीलालजी बाहेर, फाटकापाशी उभे होते. त्यांना कोणी आत बोलावले नाही आणि ते आलेही नाहीत.

मित्रांनो, मोठी स्वप्ने बघा. माझ्याहून मोठी, आभाळाएवढी. पण शेजारी राबणारा माणूस दोन मिनिटे मागत असेल तर ती द्या. समोर चारशे माणसे खोळंबली असली तरी द्या. माझ्यावरची धूळ झटकली नाही तरी चालेल. पाटी पुसाल तेव्हा मात्र ओले फडके लावू नका. खालच्या ओळीतला रंग कच्चा आहे.