रंग न पिणारा बीजाणू

पणजोबांनी विहिरी खोदल्या, आजोबांनी खाणीत दगड फोडला, वडिलांनी जन्मभर चष्म्याच्या काचा घासल्या. आणि चौथ्या पिढीत भिंगबाईंनी दगडातली बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली आणली. घराण्याचा धंदा आपण सोडला नाही, फक्त बारीक केला, असे त्या ताठ मानेने सांगत.

बीजाणूच्या पेशी किती, आतले पडदे किती, छिद्र एक की दोन, हे पाहून त्याला त्याच्या गोतात बसवायचे, हे त्यांचे काम. दगड आम्लात विरघळवून त्यांना काचपट्ट्या करून देणारे तात्या मात्र त्या सकाळी तोंड पाडून बसले होते. खडकांत मुरलेल्या पण बुरशीत नवख्या साहेबांनी तात्यांची नवी पट्टी पाहून निकाल दिला होता, "इतका धडधाकट बीजाणू दगडातला कसा असेल? हवेतली आजची बुरशी पडलीय. तात्यांच्या सगळ्याच पट्ट्या बाद करू."

चाळीस वर्षांच्या सगळ्या पट्ट्या!

तरुणपणी बाईंनी एका बीजाणूला थाटामाटात नवे नाव दिले होते. तो निघाला त्यांच्याच उघड्या बशीत पडलेल्या बुरशीचा. "झाकण माझ्याकडून राहिलं," म्हणून तात्यांनी बोलणी खाल्ली होती, आणि बाईंनी ती खाऊ दिली होती. तेवढे एक ऋण त्यांच्या माथ्यावर होते.

"अहो साहेब, तुमचा डबा आणा."

"डबा?"

"परवापासून कपाटात आहे. पावाला दाढी फुटली असेल."

साहेब ओशाळून डबा घेऊन आले. बाईंनी त्याच दगडाच्या बाटलीत उरलेल्या गाळाचा थेंब आणि पावावरची बुरशी शेजारी शेजारी ठेवून दोन्हींवर लाल रंग सोडला. ताज्या बीजाणूच्या पोटात जीव असतो, तो रंग पितो. लाखो वर्षांचे रिकामे कवच पीत नाही.

साहेबांनी डोळा लावला. "पावावरचा गुलाबी झाला!"

"आणि आमचा?" तात्यांनी बसल्या जागेवरून विचारले.

"तपकिरीच. दगडातलाच आहे हो! पट्ट्या राहू द्या, तात्या. चुकलो."

"म्हणजे साहेब, आजची बुरशी तेवढी तुमच्या घरची!" तात्या हसले.

"हसणं पुरे," बाई म्हणाल्या. त्यांनी प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना बोलावले, कपाटातून त्या फसलेल्या बीजाणूचा जुना अहवाल काढला, चुकीपुढचे तात्यांचे नाव खोडले आणि तिथे स्वतःचे लिहिले.

"बाई, आता कशाला उकरता?"

"तुम्ही गप्प बसा, तात्या. झाकण मी विसरले होते." त्यांनी तारखेसकट सही ठोकली. "साहेब, वाचा. खणखणीत!"

साहेबांनी वाचले. बाईंनी पुन्हा वाचायला लावले. मागे उभ्या असलेल्यांना नीट ऐकू गेले नव्हते.