एका माणसाचं औषध

डॉक्टर वेणुगोपाल यांचा दवाखाना बेंगळुरच्या टोकाला, येलहंक्याला होता. नंदकिशोरनं तो निवडला तो लांब होता म्हणूनच. जे. पी. नगरच्या घरून दोन बस बदलून जावं लागायचं, पण तिथे कारखान्यातलं कुणी भेटायची भीती नव्हती. सत्त्याण्णवच्या नोव्हेंबरात त्याचं एचआयव्हीवरचं औषध तिथेच सुरू झालं. तेव्हा त्याच्या रक्तातला सीडी-फोरचा, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींचा, आकडा पंचाण्णव होता. धडधाकट माणसात तो सात-आठशेच्या घरात असतो, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दाखवलं होतं.

रोग कुठून आला, ते त्यानं बायकोला, कल्पनाला, एकाच वाक्यात सांगितलं होतं. विशाखापट्टणमच्या साइटवर असताना. त्यापुढे तिनं काही विचारलं नाही, त्यानं माफी मागितली नाही. तिनं गाद्या वेगळ्या केल्या, पाणी वीस मिनिटं उकळायला लागली, आणि सकाळ-संध्याकाळ आठच्या ठोक्याला त्याच्यासमोर गोळ्या ठेवू लागली. चार महिन्यांत आकडा दोनशे दहावर गेला. त्याच्या जिभेवरचा पांढरा थर गेला. तो जिना न थांबता चढू लागला. एकदा तर शमिकाला, त्यांच्या सात वर्षांच्या मुलीला, खांद्यावर घेऊन चढला.

त्याच महिन्यात कल्पनाच्या कमरेवर नागीण उठली.

डॉक्टरांनी तिचंही रक्त तपासायला पाठवलं. आकडा आला एकशे साठ. शमिकाचं रक्त मात्र स्वच्छ निघालं. त्या कागदावर हात ठेवून कल्पना बराच वेळ बसून राहिली.

"हिचंही औषध लगेच सुरू करायला हवं," डॉक्टर म्हणाले. "जमेल?"

नंदकिशोर मनात हिशेब करू लागला. त्याच्या एकट्याच्या औषधात अर्धाअधिक पगार जात होता. कारखान्याच्या दवाखान्यात बिल दिलं असतं तर पैसे मिळाले असते, पण दुपारच्या चहापर्यंत सगळ्या खात्याला कळलं असतं.

"आहे तेच निम्मं निम्मं घेतलं तर?" कल्पनानं विचारलं.

"तसं कधीही करू नका." डॉक्टर एरवी मऊ बोलत. या वेळी त्यांचा आवाज चढला. "निम्म्या औषधानं विषाणू मरत नाही, त्याला औषधाची सवय होते. मग कुणालाच उपयोग नाही. आणि ज्याचं सुरू आहे त्यानं एक दिवसही सोडायचं नाही."

म्हणजे औषध एकाचंच होतं, आणि ते नंदकिशोरचं सुरू होतं. तिला न्यूमोनिया होऊ नये म्हणून रोजची एक साधी गोळी मिळाली, आणि अंडी, डाळ, नाचणी खा असा सल्ला. बसमध्ये दोघं शेजारी बसले. मॅजेस्टिकच्या बसस्थानकावर दुसरी बस घ्यायची होती.

"शमिकाला आई हवी," तो उतरताना म्हणाला.

"बाप नको?" ती म्हणाली.

मे महिन्यात एका शनिवारी त्यानं औषधाच्या बाटल्या तिच्यापुढे ठेवल्या. "सोसायटीतून कर्ज काढलंय. आता दोघांचं होईल. माझ्या मी ऑफिसातच ठेवतो. आता शिफ्ट बदललीय, सकाळी लवकर असते, संध्याकाळी यायला उशीर होतो. तिथेच वेळेवर घेता येतील."

तिनं विश्वास ठेवला. न ठेवायला कारणही नव्हतं. पहिले पंधरा दिवस तिला उमळून येत होतं, दोन घास पोटात ठरत नव्हते. नंदकिशोर तिच्यासाठी आल्याचा तुकडा किसून, मीठ लावून आणायचा. मग ते थांबलं. ऑगस्टपर्यंत तिचं वजन तीन किलो वाढलं. शेजारची यल्लव्वा म्हणालीसुद्धा, "अक्का, अंगावर छान तेज आलंय की."

नंदकिशोरचं मात्र उतरत होतं. पँट पट्ट्यात गोळा व्हायची. कामाचा ताण आहे, तो म्हणायचा. डॉक्टरांकडे चल म्हटलं, तर मी परवाच जाऊन आलो, म्हणायचा. नोव्हेंबरात ताप आला तो उतरेना. डोकं इतकं दुखायचं की तो पडदे ओढून भिंतीकडे तोंड करून निजायचा. शेवटी तिनं त्याला रिक्षात घालून इस्पितळात भरती केलं.

दुसऱ्या दिवशी, दोघांच्याही गोळ्या संपत आल्या असतील म्हणून, ती जयनगरला औषधाच्या दुकानात गेली. दुकानदार श्रीधरराव तीन पिढ्या बेंगळुरात राहिलेले मराठी होते. नंदकिशोर त्यांच्याकडूनच औषध घ्यायचा, कारण ते गिऱ्हाईकाला प्रश्न विचारत नसत.

"दोघांचं द्या," नंदकिशोरच्या नावाची चिठ्ठी पुढे करत ती म्हणाली.

"दोघांचं?" श्रीधररावांनी चष्मा वर केला. "स्वल्प थांबा हां, बघतो. माझ्याकडे एकाचंच असेल की. तुमचे यजमान एकाचंच नेतात नव्हं?"

"मे महिन्यापासून दोघांचं नेतात."

"नाही हो अक्का. पहिल्यापासून एकाचंच. मी स्वतःच काढून देतो ना."

ती रस्ता ओलांडून बस थांब्यावर आली. दोन बस समोरून गेल्या. मग ती रिक्षा करून इस्पितळात पोचली.

नंदकिशोर जागा होता.

"कधीपासून घेत नाही?" तिनं विचारलं.

त्यानं डोळे मिटले. "तू सुरू केलंस त्या दिवसापासून."

"मला विचारलंत?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"मग? नाही म्हणायचा हक्क नव्हता मला?" तिचा आवाज वाढला, शेजारच्या खाटेजवळ बसलेली बाई वळून पाहू लागली. "ते दुखणं आणलंत तेव्हा विचारलं नाहीत. आताही विचारलं नाहीत. दोन्ही वेळा तुम्हीच ठरवलंत."

 त्याच्या डोळ्याच्या कडेतून पाणी कानाकडे गेलं. ते डोकेदुखीचं होतं की आणखी कशाचं, तिला कळलं नाही. ती चिडूनच बाहेर गेली. हे बोलणं त्या दोघांचं शेवटचं ठरणार होतं, हे तिला माहीत नव्हतं. त्याच दिवशी संध्याकाळी तो बरळू लागला, आणि मग ओळखेनासा झाला. औषध सुटल्यावर जडलेला टीबी मेंदूच्या आवरणापर्यंत पोचला होता.

तिनं आपल्या गोळ्या पर्समधून काढून डॉक्टर वेणुगोपालांसमोर धरल्या. ते येलहंक्याहून मुद्दाम आले होते.

"या त्यांना द्या. नळीतून द्या. मी थांबवते."

डॉक्टरांनी तिची मूठ हलकेच बंद केली. "आज या गोळ्यांचा त्यांना उपयोग नाही. आधी टीबी आवरायला हवा, आणि तेवढे दिवस हातात आहेत असं मला वाटत नाही. तुमचा आकडा तीनशेवर गेलाय. तुम्ही थांबवलंत तर तोही खाली येईल. तुम्हाला मुलगी आहे."

"तेही असंच म्हणाले होते."

नंदकिशोर डिसेंबरात गेला. दाखल्यावर टीबी लिहिलं होतं. त्याच्या जागी अनुकंपा तत्त्वावर तिला कारखान्याच्या भांडारात नोकरी मिळाली. तिथल्या बायका जपून, आदरानं वागत. हळदीकुंकवाचं बोलावणं तेवढं आलं नाही. ती विधवा होती म्हणून की कुणाला काही कळलं होतं म्हणून, ते तिनं शोधलं नाही.

गोळ्या ती घेत राहिली. सकाळी आठ, संध्याकाळी आठ.  त्याच्यावरचा राग गेला नव्हता, आणि तो आता कुणाला दाखवायचा, तेही कळत नव्हतं. एप्रिलमध्ये पुन्हा रक्त दिलं. आकडा तीनशे ऐंशी आला.

"उत्तम!" डॉक्टर मनापासून म्हणाले. "असंच चालू ठेवा."

ती "हो" म्हणाली. कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, आणि शाळा सुटायच्या आत जे. पी. नगरला पोचायचं म्हणून घाईनं बसकडे निघाली.