रंगाखालचा पत्रा

मित्रांनो, जुनी म्हणून मला कुणी नाक मुरडायचं काम नाही. मी नौदलाची गस्ती नौका आहे. माझ्याबरोबर पाण्यात उतरलेल्या कितीतरी जहाजांचे आज खिळेसुद्धा शिल्लक नसतील, आणि मी मात्र उद्या सकाळी पुन्हा समुद्रावर निघाले आहे. नवं इंजिन, नवं रडार, सगळा थाट नवा. हे कसं जमलं ते सांगते, जरा सावरून बसा.

माझा जन्म एका लांबलचक छपराखाली झाला. वेल्डरांनी मला तुकड्यातुकड्यांनी जोडलं. आधी पोट, मग कुशी, सगळ्यात शेवटी नाक. पाण्यात सोडताना मला मागच्या बाजूनं सोडलं, त्यामुळे समुद्राशी माझी पहिली भेट पाठमोरी झाली. त्यानंतर मात्र मी त्याला कधी पाठ दाखवली नाही, हे अगदी छातीठोकपणे सांगते.

लोकांना वाटतं, नौदलाचं जहाज म्हणजे नुसत्या तोफा. ते काम माझ्या थोरल्या चुलत बहिणींचं. माझ्याकडे तोफ एकच, आणि तिचाही उपयोग अधूनमधून घसा साफ करण्यापुरता. माझं काम राखणीचं. किनारा दिसेनासा झाला की त्याच्याही पुढे जायचं, आपलं पाणी जिथे संपतं तिथवर. कुणी चोरून मासे नेतंय का, कुणी तेल सांडून पळतंय का, कुणाची होडी अडकलीय का, ते बघायचं. एकदा वादळात इंजिन बंद पडलेली एक मासेमारी होडी मी दोर बांधून धक्क्यापर्यंत ओढून आणली. तिच्यातला म्हातारा उतरला, माझ्या अंगावर थोपटलं आणि म्हणाला, "शहाणी आहेस गं." मोठमोठ्या लोकांनी माझी भाषणांतून स्तुती केली, पण ती माझ्या लक्षात नाही. हे वाक्य आहे.

आणि दिसायला? मी लाखात एक होते. माझंच मी सांगते, दुसरं कोण सांगणार? याचं श्रेय आमच्या बोसनचं. बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. त्यांना सगळे रंगोबा म्हणायचे, कारण त्यांच्या हातात कायम ब्रश. माझ्यावर त्यांचा भारी जीव. कुठे ओरखडा दिसला की यांच्या जिवाची घालमेल. आणि कुणी मोठे साहेब तपासणीला येणार म्हटलं की बघायलाच नको. नियमानं जुना रंग खरवडून मग नवा द्यायचा असतो, पण साहेब उद्यावर आलेले. रंगोबा म्हणायचे, "खरवडायला वेळ कुठाय? मारा एक हात." खलाशी एक हात मारायचे, मी चकाकायचे, साहेब खूश होऊन जायचे. पुढचे साहेब आले की पुन्हा एक हात. सगळ्या जहाजांवर असंच चालायचं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

वर्षं गेली. रंगोबा निवृत्त झाले. माझं रडार इतकं थकलं की ढग आणि जहाज यांत त्याला फरक कळेना. मला आणि माझ्यासारख्याच दोन बहिणींना धक्क्याच्या अगदी टोकाला बांधून ठेवलं. तिथे फक्त समुद्रपक्षी यायचे आणि ते काय करून जायचे ते सांगत नाही.

मग एक दिवस ठरलं की गस्तीचा ताफा नव्यानं उभा करायचा. सुरुवात माझ्यापासून. माझं काम नीट जमलं तर बहिणींचीही दुरुस्ती करायची, नाही तर तिघींची रवानगी भंगारात. भंगारवाला दोनदा येऊन आम्हाला न्याहाळून गेला होता. मेल्याची नजर मला आवडली नाही.

माझी जबाबदारी आली एका इंजिनीअर ताईवर. ही कोण माहीत आहे? रंगोबांचीच लेक. लहानपणी बाबांचा हात धरून माझ्या डेकवर यायची आणि तोफेवर बसायचा हट्ट करायची. आता तिच्या हाताखाली अख्खी गोदी होती. रंगोबा रोज दुपारी तिचा डबा घेऊन यायचे आणि डबा देऊन झाला तरी जायचं नाव घ्यायचे नाहीत.

नवा खांब, त्यावर नवं रडार, मागे ड्रोन उतरायला सपाट जागा, असा ताईचा बेत होता. पण हे सगळं वजन वर येणार. वजन खाली असलं की जहाज कितीही कललं तरी सरळ होतं. वर असलं तर एखाद्या लाटेला सरळ होतच नाही. म्हणून आधी माझी परीक्षा झाली. मी पाण्यात किती खोल बसते ते त्यांनी पाहिलं. मग पोटात एक लांब ओळंबा टांगला, आणि तो झुलत राहू नये म्हणून त्याचं टोक तेलाच्या ट्रेमध्ये बुडवलं. डेकवरची लोखंडी वजनं या कडेवरून त्या कडेला नेली की मी थोडी कलायचे आणि ओळंबा सरकायचा. तो हवा त्यापेक्षा खूपच सरकला, आणि ताईचा चेहरा उतरला.

"नकाशात आहे त्यापेक्षा ही खूप जड आहे," ती माझ्या कप्तानांना म्हणाली. "आणि जादाचं वजन सगळं वर आहे. यावर नवा खांब ठेवता येणार नाही."

"मग खाली शिसं भरा," कप्तान म्हणाले. तसा माणूस भला, पण घाईचा.

"आणि डिझेल कुठे भरायचं, साहेब? गस्तीच्या जहाजानं काय अर्ध्या वाटेवरून परत यायचं?"

खरं सांगते, तेव्हा मी घाबरले होते. माझ्यापेक्षा बहिणींसाठी जास्त. मी नापास म्हणजे त्या परीक्षेला न बसताच नापास.

ताईनं छिन्नी घेतली आणि माझ्या डेकवरच्या खोलीच्या भिंतीवर ठोकली. वहीच्या पुठ्ठ्यापेक्षा जाड खपली निघाली. तिच्या कडेला करड्या रंगाच्या पट्ट्याच पट्ट्या दिसत होत्या. ताईनं त्या मोजायला घेतल्या, प्रत्येक पट्टी म्हणजे रंगाचा एक हात. जादाचं वजन कशाचं ते तिला कळलं होतं. ते घरी कसं सांगायचं, हे कळत नव्हतं.

घरी सांगायची वेळच आली नाही. डबा घेऊन रंगोबा समोर हजर. खपली बघून त्यांनी ती ओळखली, आपला हात कोण विसरेल?

"म्हणजे हिला मीच जड केलं म्हणायचं," ते म्हणाले.

"बाबा, तुम्ही हिला मीठ लागू दिलं नाहीत, म्हणून ही अजून तरंगतेय."

"समजूत घालू नकोस. खरं सांग."

ताईनं मान खाली घातली नाही. "खरं हेच आहे, बाबा. सगळा रंग पत्र्यापर्यंत काढावा लागेल. एकूण एक थर. तरच ही वाचेल."

रंगोबांना ते लागलं. आपल्या आयुष्याची मेहनत खरवडून काढा असं पोटची पोर सांगते, तेव्हा कुणालाही लागणारच. ते डबा तिच्या हातात देऊन निघून गेले आणि दोन दिवस फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते जुने कपडे घालून. खरवडायची पट्टी उचलली आणि म्हणाले, "मी चढवलाय, मीच उतरवणार."

मला पाण्यातून काढून ठोकळ्यांवर बसवलं आणि खरवडणं सुरू झालं. काय सांगू तुम्हाला! अंगाची आग आग व्हायची. खाली रंगाचा ढीग वाढत होता आणि वर मी उघडी पडत होते. रंगोबा खांबाच्या बुडाशी आले, जिथे नवा खांब उभा राहणार होता तिथेच. त्यांनी पट्टी दाबली आणि ती सरळ आत गेली.

त्यांनी भोकात करंगळी घालून पाहिली. करंगळी आरपार गेली. मग त्यांनी हाक मारली, "पोरी, इकडे ये. इथे पत्रा नाहीच. नुसता माझा रंग उभा आहे."

ताई धावत आली आणि वाकून तिनं भोकातून पाहिलं. त्या जागेच्या भरवशावर ती टनावारी वजन उभं करणार होती. पहिल्याच वादळात खांब खलाशांच्या डोक्यावर आला असता.

"बरं झालं, आज सापडलं," ती म्हणाली आणि बाबांचा रंगानं माखलेला हात तिनं घट्ट धरून ठेवला. रंगोबांच्या डोळ्यांना धार लागली होती. त्यांनी ती लपवली नाही.

कुजलेला पत्रा कापून वेल्डरांनी नवा जोडला. मला पुन्हा पाण्यात सोडलं, दुसरी परीक्षा ठरली आणि ती बघायला मोठे साहेब येणार असा निरोप आला. बहिणींचा निकालही तेच देणार होते. आणि माझा अवतार बघा, अर्धी अस्तराच्या रंगानं तांबडी, अर्धी उघडी, जागोजागी जोड. कप्तानांनी सवयीनं ब्रश मागवले.

"निदान धक्क्याकडच्या बाजूला तरी एक हात मारून घेऊ," ते म्हणाले.

खलाशी ब्रश बुडवणार, एवढ्यात रंगोबा मध्ये आले. "नको साहेब. जन्मभर मी मोठ्या लोकांना रंग दाखवला. उद्या पत्रा दाखवू."

कप्तानांनी त्यांच्याकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं आणि ब्रश परत पाठवले. भल्या माणसाचं हे असं असतं, वेळ लागतो पण कळतं.

मोठे साहेब आले, मला या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळलं आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "हिचा रंग कुठे गेला?"

"खाली काढून ठेवलाय, साहेब," रंगोबा म्हणाले. "चला, ढीग दाखवतो."

साहेबांनी ढीग पाहिला. कापून काढलेला भोकाचा पत्रा हातात घेतला आणि त्यातून समुद्र बघितला. त्यानंतर त्यांच्या आठ्या गेल्या. बघणारे सगळे धक्क्यावर उतरले, वजनं हलली, मी कलले. माझ्या पोटात ओळंबा अगदी जरासा सरकला. ताई वर आली, कपाळाला तेल लागलेलं, आणि तिला हसू आवरत नव्हतं.

"बसतंय, साहेब. खांब, रडार, सगळं बसतंय."

"त्या दोघींनाही घ्या गोदीत," साहेब म्हणाले. "आणि आधी खरवडा."

इतका आनंद मला पहिल्यांदा पाण्यात उतरतानाही झाला नव्हता.

तेव्हा मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या जहाजावर, घरातल्या म्हाताऱ्या माणसांवर, कुणावरही जीव असेल तर नुसतं वरून छान दिसतंय म्हणून निर्धास्त राहू नका. आत काय झालंय ते बघायची हिंमत करा. त्यात त्रास आहे, दोघांनाही. तरी बघा.

आत्ता माझ्या शेजारच्या गोदीत धाकटी बहीण येऊन बसली आहे. अंगावर अजून तोच जुना चकचकीत रंग. रंगोबांनी पट्टी लावली आणि ती कळवळली, "अक्का, हा म्हातारा काय करतोय गं मला?"

मी म्हटलं, "गप उभी राहा. आता कुठे तो खरी माया करायला लागलाय."