तारमुन्या म्हणजे काय

लहसेनला वरच्या वर्गात जायचं होतं, आणि त्याचं कारण ओआना होती. ओआना मूळची रुमानियाची. ती स्पेनमधल्या आमच्या बाल्देमोरा गावात पावाची भट्टी सांभाळते आणि दोन वर्षांपासून माझ्या स्पॅनिशच्या वरच्या वर्गात बसते. लहसेन मोरोक्कोच्या डोंगरातला, इथे चारशे मेंढ्या राखतो. तो पाव घ्यायला गेला की ती हटकून विचारायची, "काय रे, अजून खालच्याच वर्गात? मेंढ्यांशी गप्पा मारून भाषा येत नसते."

तो हसायचा. पण नंतर माझ्याकडे येऊन विचारायचा, "बाई, परीक्षा कधी?"

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी शहरातल्या विद्यापीठातून इत्सियार नावाची मुलगी आली. बाहेरून आलेल्या लोकांना स्पॅनिशचे किती शब्द येतात, हे मोजणारी चाचणी तिने तयार केली होती. याच गुणांवर वरचा वर्ग ठरेल, असं मी सगळ्यांना सांगून टाकलं. कागदावर नव्वद शब्द होते. जो ठाऊक असेल त्याच्यापुढे खूण करायची, एवढंच. पण त्यातले तीस शब्द खोटे होते. कॉम्प्युटरने अक्षरं जुळवून बनवलेले, दिसायला मात्र अस्सल. खोट्या शब्दावर खूण केली की दोन गुण कापले जायचे.

लहसेन एकेक शब्द बोटाखाली धरून पाऊण तास वाचत होता. मेंढीच्या गळ्यातल्या घंटेचा शब्द आला तेव्हा त्याचा चेहरा खुलला. गळ्यात बांधायच्या टायचा शब्द त्याने कोराच सोडला.

इत्सियारने तिथल्या तिथे कागद तपासला. "एक्केचाळीस खरे, एक खोटा. म्हणजे एकोणचाळीस."

वरच्या वर्गाला चाळीस लागत होते.

"खोटा कुठला?" लहसेनने विचारलं.

"तारमुन्या. असा शब्दच नाही."

"आहे की."

"नाही हो. आमच्याच कॉम्प्युटरने केलाय तो. शब्दकोशातही शोधून पाहिलाय मी."

लहसेनने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "ताई, माझ्याकडे तीन आहेत. त्यातल्या एकीने आज सकाळीच माझा अर्धा तास खाल्ला."

मी या गावात अकरा वर्षं शिकवते, पण आहे शहरातलीच. तो शब्द मी कधी ऐकला नव्हता. "दुसऱ्या कुठल्या शब्दाशी गल्लत होत असेल," असं मी म्हणाले, आणि ते त्याला लागलं. तो उठलाच. "चला माझ्याबरोबर. ओनोरातोकाकांकडूनच शिकलोय मी हा शब्द."

ओनोरातो चौऱ्याऐंशी वर्षांचे, गावचे जुने मेंढपाळ. लहसेनला हे काम त्यांनीच शिकवलं. दुपारच्या जेवणाआधी ते चौकातल्या बारमध्ये पत्ते खेळत बसतात. इत्सियारने वाटेतच लहसेनला बजावलं, "तुम्ही काही बोलायचं नाही. अर्थ मी विचारणार."

तिने विचारलं. ओनोरातोंनी पत्त्यांवरची नजरही काढली नाही. "कळप निघाला की मुद्दाम मागे रेंगाळते, आणि आपण आणायला गेलो की आपल्याआधी पळत पुढे जाते, ती तारमुन्या."

"काहीतरीच," समोरचे फेर्मिन म्हणाले. "तारमुन्या म्हणजे लंगडी मेंढी."

"तुमच्या वरच्या वाडीत असेल. तिथे सगळ्याच लंगड्या होत्या."

काउंटरमागून बारची मालकीण बेनिता म्हणाली, "माझी आई मला तारमुन्या म्हणायची. चर्चला निघताना मी सगळ्यांच्या मागे असायचे ना."

इत्सियार खुर्ची ओढून बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "पण माझ्या कॉम्प्युटरला हे कसं कळलं?"

"त्याला कुणीतरी चरायला नेलं असेल," फेर्मिन म्हणाले.

मग म्हाताऱ्यांना बाकीचे खोटे शब्दही बघायचे होते. बेनिता वाचत गेली. फेर्मिननी तिसातले सव्वीस आपल्या ओळखीचे असल्याचं ठामपणे सांगितलं. "त्यांना धरू नकोस गं, ते तरुणपणापासून असेच," बेनिता म्हणाली. इत्सियार मात्र पक्की निघाली. तिने दोघांना दोन कोपऱ्यांत बसवलं. ओनोरातो आणि बेनिता दोघांनी एकमेकांचं न ऐकता सारखाच अर्थ सांगितला तरच शब्द खरा. असा आणखी एक शब्द सापडला, पण लहसेनने त्याच्यावर खूण केली नव्हती. इत्सियारने दोन्ही शब्द खोट्यांच्या यादीतून काढले, लहसेनचा कागद पुन्हा पुढे घेतला आणि लिहिलं, बेचाळीस.

ओआना तेव्हाच पावाची टोपली घेऊन आत आली होती. तिने सगळं ऐकलं, कागद उचलून आकडा स्वतः पाहिला. "ठीक आहे," ती म्हणाली, "सोमवारी माझ्या शेजारी बस. आंघोळ करून ये म्हणजे झालं."

बेनिताने बटाट्याचं ऑम्लेट कापून सगळ्यांसमोर ठेवलं. लहसेनने ते हातात घेतलं आणि तसाच बाहेर पायरीवर जाऊन आईला फोन लावला. तो आपल्या भाषेत भरभर बोलत होता. मध्येच मोठ्याने हसला.

"काय म्हणते आई?" मी दारातून विचारलं.

"विचारते, नव्वदातले बेचाळीसच? बाकीचे कुठे हरवलेस?"