विनोदसर आणि रामकिशनची म्हैस

देगलूरच्या एका छोट्या चर्चमध्ये दरवर्षी उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी पाळकसाहेब बारा जणांचे पाय धुतात. येशूने शिष्यांचे पाय धुतले होते, त्याची ही आठवण. त्या बारांत विनोदसर बावीस वर्षं होते. निवृत्त गणित शिक्षक, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि पाय इतके स्वच्छ की धुवायला काही उरायचंच नाही. आदल्या दिवशी ते वजरीने टाचा घासत, नखं कापत, वर पावडरही लावत.

यंदा आनंदराज नावाचे नवे पाळक आले होते. त्यांनी तीन आठवडे आधीच बाराही जणांना बोलावलं आणि सांगितलं, की पाय धुऊन घ्यायच्या आधी प्रत्येकाने आठवडाभर कुणाचं तरी काम करावं. असं काम, जे करायची आपल्याला लाज वाटते. फोटो काढायचा नाही आणि मंडळीत गाजावाजाही करायचा नाही.

सर कुरकुरतच घरी आले. त्यांची बायको श्रद्धाबाई मेथी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, लांब कशाला जाता, समोरचा रामकिशन पाय मोडून पडलाय की.

रामकिशन शेतकरी माणूस. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून घसरला आणि डावा पाय कमरेपर्यंत प्लास्टरमध्ये गेला. मुलगी पुनम लातूरला नर्सिंग शिकत होती. घरात बायको केवळाबाई, तिचीही कंबर धरलेली. दुसऱ्या दिवशी सर बादली, साबण आणि टॉवेल घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले आणि रामकिशनचा धड पाय धुवायची परवानगी मागू लागले.

रामकिशनने घाबरून तो पाय चादरीखाली ओढला. "सर, तुमी माझ्या पोरीला शिकवलंत. तुमच्याकडून पाय धुऊन घेऊ व्हय?"

केवळाबाई व्यवहारी बाई. "पाय ऱ्हाऊ द्या, सर," ती म्हणाली. "म्हशीचं शेण काढता का?"

सरांनी आयुष्यात शेण काढलं नव्हतं. पहिल्याच सकाळी म्हशीने शेणाने माखलेली शेपटी त्यांच्या शर्टावरून कानापर्यंत फिरवली. त्याच वेळी त्यांचा जुना विद्यार्थी मल्लिनाथ मोटारसायकलवरून चालला होता. त्याने गाडी थांबवून विचारलं, सर काय करून राहिलात? व्यायाम, असं सांगून सरांनी शेणाची पाटी उचलली. दुपारपर्यंत अर्ध्या देगलूरला तो व्यायाम कळला होता.

तरी सरांनी सात दिवस मोजून पूर्ण केले. आठव्या दिवशी सांगायला गेले, की उद्यापासून येणार नाही. केवळाबाई पाण्याला गेली होती. रामकिशन खाटेवर घामाघूम झाला होता. मग भिंतीकडे तोंड करून हळूच म्हणाला, "सर, खाटंखालचं भांडं द्यावं लागंल. तिची वाट बघितली, आता दम धरवत न्हाई."

सरांनी बाह्या वर सारल्या, त्याला कमरेखाली हात घालून उचललं, सगळं केलं, नंतर कोमट पाण्याने त्याला स्वच्छही केलं. रामकिशन तोंड फिरवून रडत होता.

"रडू नको," सर म्हणाले. "तुझ्या पुनमला पाढे शिकवले मी. त्याच्यापुढं हे काहीच न्हाई."

रामकिशन रडता रडता हसला. उद्यापासून येणार नाही, हे सांगायचं राहूनच गेलं. आता सर दोन वेळा जाऊ लागले. भांड्याबद्दल त्यांनी श्रद्धाबाईंनाही सांगितलं नाही.

पाय धुण्याचा गुरुवार आला आणि नेमकी त्याच दिवशी रामकिशनची नांदेडला तपासणी निघाली. त्याला गाडीत उचलून ठेवायला माणूस हवा होता. आपण सहापर्यंत परत येऊ, असं सर श्रद्धाबाईंना सांगून गेले. पण एक्स-रेची रांग सरकता सरकेना. सहा वाजले तेव्हा सर दवाखान्याच्या बाकावर बसले होते. बावीस वर्षांत पहिल्यांदा आपली खुर्ची रिकामी असेल, हे मनात येऊन त्यांना हुरहुर लागली. एवढ्यात रामकिशनने त्यांच्या बाहीला हात लावला. त्याला पुन्हा भांडं हवं होतं. सर उठले.

डॉक्टरांनी अजून महिनाभर झोपून राहायला सांगितलं. ते ऐकून सरांना आधी बरं वाटलं, आपलं रोजचं जाणं सुटणार नाही म्हणून. मग असं बरं वाटल्याचीच लाज वाटली. परतीच्या वाटेत त्यांनी ते रामकिशनला सांगूनही टाकलं.

"मग म्हातारपणापर्यंत पडून राहू का?" रामकिशन म्हणाला, आणि गाडीत दोघंही हसत सुटले.

तो जूनमध्ये काठी घेऊन उभा राहिला. सर अजूनही सकाळी गोठ्यात जातात, आणि म्हैस आता त्यांच्याशिवाय कुणाला जवळ येऊ देत नाही.