आईचे प्रश्न

गेणबांनी सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसला आणि पोराच्या लॅपटॉपवर वाकले.

“दाव. काय लिवायची तुझी आय?”

रोहितने फाइल उघडली आणि त्याचा हात तिथेच थबकला. आईचे, गोजराबाईचे, मेसेज जुन्या फोनमधून काढायला त्याने स्वतःच ‘जावा’ या संगणकाच्या भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. वर्षश्राद्धाला आबांना ते वाचून दाखवायचे होते. फाइल तयार झाली तशी, ती उघडूनही न बघता, त्याने फोनमधलं सगळं पुसून तो दुकानात देऊन टाकला होता.

स्क्रीनवर आईचं एकही अक्षर नव्हतं. ओळीच्या ओळी नुसती प्रश्नचिन्हं.

फाइल कोणत्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या कोणत्या पद्धतीत, लिहायची, एवढं सांगायचं तो विसरला होता. मशीनने आपलं इंग्रजीच धरलं आणि मराठी अक्षर दिसेल तिथे प्रश्नचिन्ह ठेवलं. हिंजवडीच्या ऑफिसात हीच चूक दुसऱ्याने केली, की रोहित त्याची चहापर्यंत टर उडवायचा. दिव्याखाली अंधार तो हाच. चुकीचं वाचलेलं पुन्हा नीट वाचता येतं, पण चुकीचं लिहिलेलं गेलं ते गेलंच. आई आज पुन्हा गेली, आणि या खेपेला आपल्याच हातून, असं त्याला वाटलं.

“लई इचारायची की रं,” गेणबा म्हणाले. “समदं प्रश्नच हायेत.”

रोहितला खरं सांगवेना.

“आन मधी मधी हे इंग्रजी?”

“ते माझं.”

त्याचं मात्र एक अक्षरही बिघडलं नव्हतं. ओके. बिझी. कॉल यू लेटर. पुन्हा बिझी.

गेणबांनी तारीख बघत बघत खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

“दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिसाचं हे. तिनं काय इचारलं आसंल ते आसंल. तू काय म्हणलास?”

बोटाखाली ‘बिझी’ होतं.

“येतो म्हणालो, आबा.”

गेणबांनी लॅपटॉप हळूच मिटला आणि त्याच्यावरून हात फिरवला.

“आंबेमोहोराचा भात ती तू येणार आसलास तरच शिजवायची,” ते म्हणाले. “त्या दिशी आमी भाकरी खाल्ली.”