सुरातले डबे

रिकामा डबा नुसता खणखणतो, त्यात अर्थ नसतो, असं लोक म्हणतात. गाण्याच्या बाईंसमोर मात्र कुणी तसं म्हणून बघावं! तेलाचे मोठे डबे, रंगाचे मधले, दुधाच्या पावडरीचे लहान, असे सगळे दोरीला उलटे टांगून त्यांनी सरकारी शाळेच्या मागच्या खोलीत, पाण्याच्या टाकीला लागून, एक वर्ग उभा केला होता. डब्याला आतून मेणाचा गोळा चिकटवला की आवाज खाली उतरतो, काठ कानशीने घासला की वर चढतो. गोळा नेमका कुठे लावायचा आणि किती घासायचं, हे शिकवून येत नाही, त्यासाठी कान लावून बसावं लागतं. बाई बसत. एका डब्यापायी आठवडा गेला तरी म्हणत, "देवाच्या दारात बेसूर घेऊन जाऊ नये. मग तो डबा का असेना."

हे वळण आईकडून आलेलं. आई दर आठवड्याला प्रार्थनाघरात जायची. तिथे एक म्हातारेबुवा गाऊन कथा सांगायचे. दोन वाक्यं बोलायची, तिसरं गायचं, श्रोत्यांना पोट धरून हसवायचं आणि ते हसत असतानाच अलगद डोळ्यांतून पाणी काढायचं. त्या गोडीने दोन मुलं सगळ्यात पुढे मांडी ठोकून बसायची. एक आपल्या बाई. दुसरा शेजारचा पोरका मुलगा. तो जेवायला बाईंच्याच घरी असायचा, त्यांच्या आईला आई म्हणायचा, आणि बाई त्याला दादा म्हणायच्या. पुढे सगळं गावच त्याला दादा म्हणायला लागलं.

कारण दादाने निधी उभा केला. सरकारी शाळांत वाद्यं नाहीत, रंग नाहीत, चित्राला कागद नाही. सरकार म्हणतं पुढच्या वर्षी, आणि पुढचं वर्ष कायम पुढेच असतं. तेव्हा सज्जनांकडून गोळा करायचं आणि शाळाशाळांना वाटायचं. दरवर्षी मोठ्या सभागृहात एक संध्याकाळ व्हायची. आधी बाईंची मुलं डबे वाजवायची. मग दादा उभा राहायचा. म्हातारेबुवांचाच ढंग, तीच हाताची फेक. बोलता बोलता गळा मोकळा सोडायचा: 'दार लोटू नको रे देवा, लेकरू अजून वाटेत आहे.' सभागृह विरघळायचं. दुसऱ्या दिवसापासून वाद्यांच्या गाड्या शाळांकडे निघायच्या.

बाईंच्या शाळेकडे गाडी कधी वळली नाही.

"आधी ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांना, छोटे," दादा म्हणायचा. तो बाईंना अजूनही छोटीच म्हणायचा. "तुझ्याकडे निदान डबे आहेत."

बाईंना हे पटायचंसुद्धा. आपल्या ताटातला घास आधी दुसऱ्याला, हेच तर ऐकत लहानाच्या मोठ्या झालेल्या.

यंदा मात्र टाचणी होती.

टाचणी म्हणजे ट्रक धुणाऱ्या बापाची पोरगी. अंगाने तशीच आणि बोलायलाही तशीच. ती दाराबाहेर चपला काढता काढता सांगायची, "बाई, रंगाचा दुसरा उतरलाय, उकाड्याने मेण सरकलं असणार." आणि तो खरोखर उतरलेला असायचा. दुसऱ्या शहरातल्या संगीत विद्यालयात तिला जागा मिळाली तर राहणं, जेवण, शिकवणं सगळं मोफत. अट एकच, खऱ्या वाद्यावर एक सुरावट वाजवून दाखवायची. शिवाय वयाची मर्यादा होती, आणि टाचणीचं हे शेवटचं वर्ष होतं. बाई लहानपणी उसन्या व्हायोलिनवर शिकलेल्या. शिकवायची तयारी होती, अडलं होतं ते फक्त वाद्यापाशी.

टाचणीचा बाप एकदा ओल्या हातांनीच शाळेत आला. "बाई, तिला कामाला लावू का थांबू? एकदा काय ते सांगा. घरात पाच तोंडं आहेत."

"थांबा," बाई म्हणाल्या. त्याच संध्याकाळी त्यांनी दादाला प्रार्थनाघरात गाठलं.

दादाने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "सुट्टीआधी व्हायोलिनं तुझ्या शाळेत. देवासमोर सांगतोय, छोटे. आईची शपथ."

सुट्टी आली आणि गेली. बाई रोज प्रार्थनेला बसत आणि दुसरं काहीही मागत नसत.

चित्रकलेचे मास्तर त्यांची थट्टा करायचे. त्यांच्याकडे रंग नसल्याने ते मुलांना वर्षभर कोळशानेच चित्रं काढायला लावत, म्हणून त्यांना सगळे कोळसेमास्तर म्हणत. "बाई, व्हायोलिन आलं की आधी मला हाक मारा. कोळशाने त्याचं चित्र काढून ठेवतो. परत नेलं तर निदान चित्र राहील."

"तुमच्या जिभेला काही हाड?"

"हाड नाहीच. म्हणून तर अजून शाबूत आहे."

सुट्टीनंतर चित्रकलेची परीक्षा मनोऱ्याच्या शाळेत होती. ती शाळाही सरकारीच, पण तिचा मनोरा मोठ्या रस्त्यावरून दिसायचा आणि येणाराजाणारा तिचे फोटो काढायचा. कोळसेमास्तरांच्या मदतीला बाई मुलं घेऊन गेल्या. जिना चढताना त्या मधल्या पायरीवर थबकल्या. वरून व्हायोलिनं ऐकू येत होती. एकदोन नव्हे, अख्खा वर्ग. हात कच्चे होते, सूर घसरत होते, पण वाद्यं नवी होती. बाईंना ते लाकडाच्या आवाजावरूनच कळलं.

वर्गाच्या दारात एक तरुण शिक्षक होता. बाईंना पाहून तो धावतच आला आणि त्याने हात जोडले.

"अहो बाई, तुम्ही! या ना आत. ही सगळी तुमचीच कृपा."

"माझी कशी?"

"ही वाद्यं तुमच्याच शाळेला निघाली होती ना! दादांनी सांगितलं मला, तुम्ही ती नाकारलीत. म्हणालात म्हणे, खरं वाद्य हाती आलं की मुलं आळशी होतात, डब्यावरच कान तयार होतो. दादा तर आता भाषणातही सांगतात तुमचं हे तत्त्व. एवढं मोठं मन कुणाचं असतं हो?"

पाठीमागे कोळसेमास्तर होते. जन्मात पहिल्यांदा त्यांना थट्टा सुचली नाही. ते एवढंच म्हणाले, "बाई, पाणी पिता का थोडं?"

निधीची कचेरी छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. बाई तडक तिथे गेल्या. दादा एकटाच होता, येत्या कार्यक्रमाचे फलक भिंतीला टेकवून लांबून बघत होता. फलकावर बाईंचीच मुलं होती, डब्यांमागे हसणारी. मधोमध टाचणी.

"ये, छोटे! बघ, कशी आल्येत पोरं. चहा सांगू?"

"मी वाद्यं कधी नाकारली, दादा?"

दादाचा चेहरा क्षणभर उतरला आणि लगेच सावरला. त्याने खुर्ची पुढे केली. बाई बसल्या नाहीत.

"कळलं का तुला? सांगणारच होतो मी." तो खाली बसला. "ऐक. चिडू नकोस, ऐक. लोक कशासाठी येतात सभागृहात? माझं गाणं ऐकायला? मी काय म्हातारेबुवा आहे? ते तुझे डबे बघायला येतात. तुझ्या डब्यांवर आज निम्म्या शहराच्या शाळांत वाद्यं गेली. आता तुझ्याच पोरांच्या हातात व्हायोलिनं दिली, तर पुढल्या वर्षी दाखवू काय?"

"म्हणजे आम्ही कायम डबेच बडवायचे."

"बडवत कुठे? काय सुरात असतात! डोळे भरून येतात माझे."

"माझ्या तोंडी तू माझे नसलेले शब्द घातलेस."

"मग काय सांगायचं होतं त्या मास्तराला? की मीच वळवली?" दादा हळू आवाजात म्हणाला. "तुझं नाव मोठंच केलं ना त्यातून?"

"मला सगळी नकोत. टाचणीपुरतं एक दे. तिचं हे शेवटचं वर्ष आहे, तुला ठाऊक आहे."

"एक दिलं तरी दिसतं, छोटे. फोटोत येतं." त्याने फलकाकडे बोट केलं. "नेमकी तीच तर मधोमध आहे."

आईने याला पहिला घास भरवला होता आणि बाईंनी आपला घास मागे ठेवला होता, तो हाच माणूस.

"आम्ही येणार नाही यंदा," बाई म्हणाल्या. "घे तुझी संध्याकाळ आणि गा एकटा."

दादाने फलक जरा सरळ केला.

आता इथे बाई चुकल्या. त्यांना वाटलं, डब्यांशिवाय संध्याकाळ उभीच राहणार नाही. इतकी वर्षं मेण लावून, काठ घासून डबे सुरात आणले ते काय उगाच? लोक त्या सुरालाच तर भुलतात. दादा दोन दिवसांत व्हायोलिन घेऊन दारात येईल, अशी त्यांची खात्री होती. कोळसेमास्तर म्हणाले, "बाई, त्याला सूर नको आहे. त्याला डबे हवेत. डबे कुठेही मिळतात."

"आणि लावणार कोण?" बाई म्हणाल्या.

दादा आला नाही. टाचणीही दोन दिवस वर्गात आली नाही. बापाबरोबर ट्रक धुवायला गेली असेल, असं मुलं म्हणाली. कार्यक्रम होऊन जाऊ दे, मग तिच्या घरी जाऊ, आपलं काहीतरी विकून उसनवार करू, पण वाद्य आणू, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी त्यांना घरी बसवेना. आत जायचं नाही, पण बाहेरून बघू, रिकाम्या रंगमंचावर दादा काय करतो ते, म्हणून त्या सभागृहाच्या बाजूच्या दारापाशी जाऊन थांबल्या.

आतून डबे वाजले.

बाईंनी कान टवकारले. आधी त्यांना वाटलं, आपल्याच मनातलं वाजतंय. पण नाही. डबे वेगळे होते, नवे, पातळ पत्र्याचे. हातही वेगळे होते, जड, ठेक्याला मागे पडणारे. सूर मात्र जिथल्या तिथे होता. प्रत्येक डबा लावलेला. असं लावणारं बाईंखेरीज या शहरात एकच माणूस होतं, आणि ते बाईंनीच घडवलेलं होतं.

त्यांनी दार किलकिलं केलं. मनोऱ्याच्या शाळेची मुलं डब्यांमागे उभी होती, जुने कपडे घातलेली, गालांना काहीतरी फासलेलं. मधोमध टाचणी. खाली मान घालून ती अशी वाजवत होती की पुढच्या रांगेतली माणसं रुमाल काढायला लागली. मग दादा उठला. 'दार लोटू नको रे देवा...' त्याचा आवाज आजही तितकाच गोड होता. गोड आवाज खोट्यालाही तितकाच गोड लागतो. बाईंना जन्मात पहिल्यांदा त्या गाण्यावर हात जोडावेसे वाटले नाहीत.

थोड्या वेळाने बाजूचं दार उघडून टाचणी बाहेर आली. काखेत काळी लांब पेटी. बाईंना पाहून ती जागीच खिळली.

"बाई."

बाईंची नजर काखेतल्या पेटीवर गेली.

"दादा घरी आले होते. म्हणाले, डबे लावून दे, एक संध्याकाळ वाजव, तर देतो. बाबा म्हणाले, घे." तिने पेटी दुसऱ्या काखेत घेतली. "बाबांचं नाव कशाला घेऊ? मीच हो म्हणाले. पटकन म्हणाले. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता."

"म्हणाले असते," बाई म्हणाल्या.

"मग मी काय करायचं होतं?"

बाई अजून पेटीकडेच बघत होत्या. रोज हात जोडून मागितलेलं ते देवाने दिलं होतं, आणि कुणाच्या हातून!

"लावलेलं नाहीये ते," टाचणी हळूच म्हणाली. "सगळ्या तारा सैल आहेत. तुम्ही—"

"ज्याने दिलं त्याच्याकडून लावून घे."

शब्द सुटला आणि पोरीचं तोंड एवढंसं झालं. बाईंना तो गिळता आला असता तर त्यांनी गिळला असता. तेवढ्यात आतून दादाची हाक आली, तीच लाडाची, तशीच लांबवलेली, "टाचणेऽ, कुठे गेलीस गं? मंडळींना तुला भेटायचंय!" आणि दाराशी येऊन, अंधारात बाईंना न ओळखता, दबक्या आवाजात, "ते घेऊन येऊ नकोस आत. दिसता कामा नये कुणाला. ठेव कुठेतरी."

टाचणीने इकडेतिकडे पाहिलं. पायऱ्या ओल्या होत्या. मग तिने पेटी बाईंच्या हातात दिली.

"धरा ना जरा, बाई. आलेच मी."

आणि ती गेली.

बाई ती पेटी दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या. आत टाळ्या झाल्या, खुर्च्या सरकल्या, माणसं बाहेर पडू लागली. एक आजी डोळे टिपत पायऱ्या उतरल्या आणि शेजारी उभं कुणी दिसलं म्हणून त्यांच्याने राहवलं नाही.

"ऐकलंत का हो आत? ती मधली पोरगी! काय बोटं आहेत. पत्र्याच्या डब्यांवर असं, तर खऱ्या वाद्यावर काय करेल! कुणीतरी द्यायला हवं हो तिला."

बाईंनी पेटी हळूच पाठीमागे घेतली.

"हो," त्या म्हणाल्या. "द्यायला हवं."